सोळा उंबरठ्यांचा आलेख

कमलाकांत नवलकरला देवानं दोनच गोष्टी सढळ हातानं दिल्या होत्या. एक म्हणजे फूटपट्टी न घेता सरळ रेघ मारणारा हात, आणि दुसरी म्हणजे कोणालाही खरा वाटणारा चेहरा. बाकी सगळ्या बाबतींत देवानं हात आखडता घेतला. आजोबांची माहीमला नारळीची वाडी होती म्हणतात. वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क झाले. कमलाकांतच्या वाट्याला फणसवाडीतल्या दोन खोल्या आणि त्या नारळीच्या वाडीच्या गोष्टी तेवढ्या आल्या.

चेहऱ्याचं तर असं होतं, की फणसवाडीत नळावरून भांडण जुंपलं की दोन्हीकडची माणसं साक्षीला यालाच बोलवायची. दोघांचं ऐकून तो अशी मान डोलवायचा की दोघांनाही वाटावं, नवलकर आपल्याच बाजूचे. भांडण मिटायचं नाही, पण कमलाकांतला कोणी बोल लावायचं नाही. असा चेहरा असलेल्या माणसानं खरं तर बांधकामाच्या ठेकेदाराकडे नोकरी करू नये. यानं नेमकी तीच केली, आणि तीही सासुरवाडीच्या ठेकेदाराकडे.

अण्णा धैर्यवान हे वासंतीचे, म्हणजे कमलाकांतच्या बायकोचे, सख्खे मामा. ठाकुरद्वारला पहिल्या मजल्यावर त्यांची कचेरी होती. फणसवाडीत घरी आले की अण्णा "काय जावईबापू, बरं आहे ना?" म्हणायचे आणि वासंतीनं तळलेले अळूचे पातवड मागून घ्यायचे. कचेरीत तेच अण्णा "ए कमलाकांत, इकडे ये" म्हणून हाक मारायचे. कमलाकांत एस्टिमेट करायचा. कुठल्या इमारतीला विटा किती, सिमेंट किती, गवंडी किती दिवस लागतील, हे तो बसल्या जागी सांगायचा. अण्णा वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. वाईट असते तर कमलाकांतचं काम सोपं झालं असतं.

नायगावला अण्णांची एक कौलारू बैठी चाळ होती. तिच्यात सोळा बिऱ्हाडं, बहुतेक गिरणीतली. पंचावन्न साली अण्णांच्या मनात आलं, की ही पाडावी आणि तिथं चार मजली इमारत उठवावी. पुढच्या अंगाला विकायचे ब्लॉक आणि मागच्या अंगाला एकेक खोली. चाळकऱ्यांना तोवर वरळीला पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायचं, आणि इमारत झाली की मागच्या खोल्यांत परत आणायचं. पण त्यांना उठवणार कोण?

"तू जा," अण्णा म्हणाले. "माझं तोंड बघून तिथलं मांजरसुद्धा उठायचं नाही."

कमलाकांत गेला. दिवाळीच्या आधी तीनचार संध्याकाळी तो त्या चाळीच्या पडवीत बसला, चहा प्यायला, मान डोलावली, आणि पंधरा बिऱ्हाडं तयार झाली. राधाबाई तेवढी हलेना. मालवणकडची ही बाई गिरणीत वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, लवू नावाचा एकुलता एक मुलगा होता. ती दाराच्या उंबरठ्यावर हात ठेवून बसली होती. उंबरठा सागवानी होता. रोजच्या हळदीकुंकवानं तो मधोमध पिवळा पडला होता.

"खोली सोडूक माझी ना नाय," राधाबाई म्हणाली. "पण ह्या उंबऱ्यारचां माप ओलांडून मी ह्या घरात इलंय. तो हयच टाकून जाऊ?"

उंबरठ्यावर तांदळाचं माप ठेवायचं आणि नव्या नवरीनं ते पायानं लवंडून घरात पाऊल टाकायचं, हे तर घरोघरचंच. राधाबाईनं तसंच टाकलं होतं, आणि तिच्या आधी तिच्या सासूनंही. कमलाकांतला ते एकदम पटलं. त्याच्या तोंडून शब्द निघून गेला, "टाकून कशाला जायचं? उंबरठा काढून नेऊ. नव्या खोलीला हाच बसवतो. माझा शब्द."

हे ऐकल्यावर बाकीच्या पंधरा बायका गप्प बसतात होय? त्यांचेही उंबरठे काढायचे ठरले. सुतारानं एकेक उंबरठा चौकटीतून अलगद सोडवला, कमलाकांतनं स्वतः खालच्या अंगाला खडूनं एकेकीचं नाव लिहिलं, आणि ते सोळा उंबरठे हातगाडीवर घालून अण्णांच्या परळच्या गोदामात नेऊन ठेवले. एक म्हातारा कुरकुरला, की शब्दाबरोबर चार ओळींचा कागदही करून घ्यावा. राधाबाईनंच त्याला झटकला. "नवलकरांच्या तोंडाकडे बघा जरा. ह्यां तोंड खोटां बोलात?"

ते तोंड खोटं बोलत नव्हतं, ही खरी गोष्ट आहे. पुढचं सगळं दुःख त्यातूनच निघालं.

चाळ पडली आणि मुंबई पेटली. नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही अशी बातमी आली, आणि गिरगावापासून लालबाग-परळपर्यंत दिवसादिवसांचा कर्फ्यू लागला. नायगावच्या जागेवर पाया खणून पडला होता. गवंडी येईनात. सिमेंट तर परमिटाशिवाय मिळतच नव्हतं. ब्लॉक घ्यायला येणारी पैसेवाली माणसं 'मुंबईचं काय होतंय ते बघू' म्हणून मागे सरकली. इकडे वरळीच्या शेडमधला लवू प्रत्येक मोर्च्यात पुढे. एकदा तर पाठीवर लाठीचा वळ घेऊन आला आणि आठवडाभर सगळ्यांना तो सदरा वर करून दाखवत होता.

याच दिवसांत कमलाकांत माटुंग्याला संध्याकाळच्या व्याख्यानांना जायला लागला. परदेशात शिकून आलेले एक तरुण प्राध्यापक तिथं एक नवी युक्ती शिकवायचे. हाताशी माल थोडा, माणसं थोडी, आणि दोन प्रकारच्या वस्तू करायच्या आहेत. मग कुठली किती केली म्हणजे नफा सर्वांत जास्त? याचं उत्तर ते बेरजा-गुणाकार न करता रेघा मारून काढायचे. प्राध्यापक टेबल-खुर्च्यांचं उदाहरण द्यायचे. कमलाकांतला मात्र टेबलाच्या जागी ब्लॉक दिसत होता आणि खुर्चीच्या जागी खोली. रेघांनी उत्तर निघतं म्हटल्यावर या माणसाला आणखी काय पाहिजे? दुधात साखर!

एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यानं फणसवाडीच्या घरात जमिनीवर आलेखाचा कागद पसरला. आडव्या रेघेवर खोल्या मोजायच्या, उभ्या रेघेवर ब्लॉक. खोलीला सिमेंटच्या पन्नास गोणी लागतात, ब्लॉकला शंभर, आणि परमिटावर मिळणार एकंदर अठराशे. ही झाली सिमेंटची तिरकी रेघ. तिच्या पलीकडे जाता येत नाही, कारण तेवढं सिमेंटच नाही. गवंड्यांची दुसरी रेघ. खोली लहान असली तरी भिंती काही कमी नसतात, म्हणून खोलीलाही गवंडी ब्लॉकइतकेच दिवस खातो; हाताशी असलेल्या गवंड्यांत दोन्ही मिळून सव्वीसच उठतात. दोन्ही रेघांच्या आतला जो तुकडा उरतो, तेवढंच आपलं राज्य. आणि नफा सर्वांत जास्त कुठं, तर या तुकड्याच्या कुठल्या तरी एका कोपऱ्यावर. मधे कुठंही नाही.

तिसरी रेघ त्यानं लाकडाची मारून बघितली. स्लॅब ओतताना खालून आधार द्यायला लाकूड लागतंच. त्यासाठी तो मुद्दाम परळच्या गोदामात जाऊन सगळं लाकूड मापून आला होता. त्यात ते सोळा उंबरठेही टेप लावून मापले. पण लाकडाची रेघ एवढी लांब पडली की ती कशाच्याच आड येत नव्हती. आड न येणारी रेघ विसरून जायची असते, असं प्राध्यापकांनी सांगितलं होतं. कमलाकांत ती विसरून गेला. गोदामातल्या लाकडाचा आकडा तेवढा त्याच्या तक्त्यात राहिला.

मग शेवटची, नफ्याची रेघ. खोलीमागे, चाळकरी परत येताना देतील त्या पागडीचे, सहाशे सुटतात, ब्लॉकमागे हजार. त्या उताराची पट्टी कागदावर ठेवून त्यानं ती हळूहळू बाहेर सरकवत नेली आणि शेवटी ती ज्या कोपऱ्याला टेकली तिथं पेन्सिलीचा ठिपका दिला. खाली बघितलं. खोल्या सोळा, ब्लॉक दहा.

"सोळा!" तो एवढ्यानं ओरडला की आतून वासंती हातातलं पीठ न धुता धावत आली.

"अहो, काय झालं? पुन्हा कर्फ्यू?"

"सोळा खोल्या, वासंती! एक कमी नाही, एक जास्त नाही. मी दिलेला शब्द आणि अण्णांचा नफा एकाच ठिपक्यावर आलेत!"

वासंतीनं कागदाकडे बघितलं. तिला जाळ्यात सापडलेल्या दोन काड्या तेवढ्या दिसल्या. पण नवऱ्याला इतकं हसताना तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं होतं, म्हणून तीही हसली.

अण्णांनाही आलेख आवडला. "कागद खोटं बोलत नाही, हे बरं आहे," ते म्हणाले. माणसांशी बोलून बोलून ते कंटाळले होते. कमलाकांत त्याच संध्याकाळी वरळीला धावला. राधाबाईच्या शेडच्या दारात, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, त्यानं खडूनं सगळा आलेख काढून दाखवला. बायकापोरं गोळा झाली. त्या रेघांचा अर्थ कोणाला फारसा लागला नाही, पण पट्टीशिवाय इतकी सरळ रेघ येते कशी, याचंच सगळ्यांना नवल. राधाबाई म्हणाली, "हात आसा की गवंड्याचो ओळंबो?"

"आता नुसता माझा शब्द नाही, राधाबाई," कमलाकांत म्हणाला. "आता गणितानंच सोळा खोल्या सांगितल्यात."

इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. इतके दिवस सोळा खोल्या कमलाकांतच्या शब्दावर उभ्या होत्या, त्या त्यानं आपल्या हातानं उचलून कागदावर ठेवल्या. तिथं कोणाच्या ते ध्यानात आलं नाही. ज्याच्या तोंडाकडे बघून माणसं घरं सोडून आली होती, त्यानं आता तोंडाऐवजी कागद पुढे केला होता.

छप्पन साल असंच अडखळत गेलं. नोव्हेंबरात द्विभाषिक राज्य झालं. कोणी खूश नव्हतं, मोर्चे थांबले नव्हते, पण मुंबई कुठं जात नाही एवढं पैसेवाल्यांना कळलं. मागे सरकलेली माणसं पुढे आली आणि दादर-नायगावच्या ब्लॉकचे भाव चढले. पाया भरून तयार होता. अण्णांनी कमलाकांतला हाक मारली.

"आता ब्लॉकमागे तेराशे सुटतात. रेघ पुन्हा मार बघू."

कमलाकांतनं कागद घेतला. सिमेंटची रेघ तीच, गवंड्यांचीही तीच. नफ्याची रेघ तेवढी जराशी कलली होती, डोळ्यांना दिसेल न दिसेल इतकीच. त्यानं पट्टी बाहेर सरकवली. ती सोळा खोल्यांच्या ठिपक्यापाशी थांबली नाही. तशीच पुढे गेली आणि उभ्या रेघेच्या टोकावर जाऊन टेकली. ब्लॉक अठरा, खोल्या शून्य. त्यानं पेन्सिल बदलली, कागदही बदलला. उत्तर बदललं नाही.

असं व्हायला नको होतं, हे त्याला कळत होतं. उत्तर थोडं हललं तर खोल्याही थोड्या कमी व्हाव्यात, पंधरा, चौदा, बारा. माणूस तसं वागतो. भाव वाढला म्हणून पाहुण्याच्या पानातली एखादी पुरी कमी करतो, त्याला पानावरून उठवत नाही. पण कोपऱ्याचं गणित तसं नाही. ते एका कोपऱ्यावरून थेट दुसऱ्या कोपऱ्यावर उडी मारतं. मधे कुठं थांबायची त्याला सवयच नाही.

कागद अण्णांपुढे नेण्याआधी त्यानं त्यावर आणखी एक रेघ मारली. सोळाच्या आकड्यावरून सरळ वर गेलेली. हिच्या डावीकडे यायचं नाही, सोळापेक्षा कमी खोल्या चालायच्या नाहीत, असा तिचा अर्थ. ती रेघ मारली की उत्तर मुकाट्यानं पुन्हा पहिल्या ठिपक्यावर येत होतं.

अण्णांनी चष्मा लावला. "ही सिमेंटची. ही गवंड्यांची. आणि ही रे कशाची?"

"शब्दाची," कमलाकांत म्हणाला.

"कोणाच्या?"

"माझ्या. म्हणजे... तुम्हीच पाठवलं होतंत मला."

"सिमेंट संपतं. गवंडी संपतात. म्हणून त्यांची रेघ असते. शब्द कधी संपतो का? तो देता येतो तेवढा द्यावा." अण्णा हसले, आणि हसता हसताच त्यांनी रबरानं ती रेघ पुसली. "दोन्ही कोपऱ्यांत फरक किती आहे?"

"आठशे रुपये, अण्णा. अठरा ब्लॉक बांधले तर आठशे जास्त. फक्त आठशे."

"फक्त आठशे तू कधी कमावलेस का?"

कमलाकांत कागद गुंडाळायला लागला. दोन मुली लग्नाच्या, राहतं घर भाड्याचं, आणि हातातली नोकरी बायकोच्या मामाची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. पण एवढ्यानं तो गप्प बसला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. आठशे भागिले सोळा म्हणजे पन्नास. खोलीमागे पन्नास रुपये पागडी वाढवली तर दोन्ही कोपऱ्यांवरचा नफा सारखा होईल! तो तसाच वरळीला गेला. सोळा बिऱ्हाडांनी रडत-कुढत का होईना, पन्नास रुपये जास्त द्यायचं कबूल केलं. राधाबाई म्हणाली, हातातल्या पाटल्या मोडीन. आपल्याच खोलीत परत जायला जास्त पैसे का, हे एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर कमलाकांतला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं अण्णांसमोर नवा कागद ठेवला. पट्टी सरकवली. या वेळी ती अलगद जाऊन एकाच वेळी दोन्ही कोपऱ्यांना टेकली.

"बघा अण्णा! आता दोन्हीकडे सारखाच नफा. तेवीस हजार चारशे. एक पैशाचा फरक नाही."

"मग कागद काय सांगतो?"

कमलाकांतनं कागदाकडे बघितलं. कागद काहीच सांगत नव्हता. दोन्ही कोपरे सारखे म्हटल्यावर कुठला घ्यायचा ते माणसानं ठरवायचं. त्याला आनंद झाला. त्याला वाटलं, आता तरी अण्णांना अण्णांसारखं ठरवता येईल.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "सोळा बिऱ्हाडं म्हणजे सोळा चुली, सोळा भांडणं, नळाला रांग, आणि दर महिन्याला भाड्यासाठी हेलपाटे. ब्लॉकवाला एकदा चेक देतो आणि दार लावून घेतो. दोन्ही सारखंच आहे, तर मग सोपं ते घ्यावं, नाही का जावईबापू?"

कचेरीत त्यांनी "जावईबापू" म्हटलं ते त्याच दिवशी. त्या हाकेनं कमलाकांत पुन्हा घरचा जावई झाला. मांडवातल्या पाहुण्यानं यजमानाशी हुज्जत घालायची नसते. तो उठला आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसला. इतके दिवस त्याला वाटत होतं, की आपला शब्द गणितानं मोडला. गणितानं काही मोडलं नव्हतं. ते शेवटी बाजूला उभं राहून बघत होतं, नळावरच्या भांडणात त्याच्यासारखंच.

वरळीला ही बातमी त्यानं कशी सांगितली ते विचारू नका. शिव्या मिळाल्या असत्या तर निदान जेवण गेलं असतं. राधाबाईनं एवढंच विचारलं, "मग रेघ सरळ नव्हती काय?" आणि तो म्हणाला, "सरळच होती."

त्यानंतर तो परळच्या गोदामाकडे फिरकला नाही. सत्तावन्न साली तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबच्या वेळी साइटवर नेलेलं आधाराचं लाकूड कमी पडलं आणि तिथून निरोप आला. कमलाकांतनं जुना तक्ता काढला, गोदामातल्या लाकडाचा आकडा बघितला, आणि जागच्या जागी चिठ्ठी लिहिली : 'जुने सागवान, सर्व द्यावे.' आकडा घनफुटांत होता. घनफुटांत हळदीकुंकू दिसत नाही. चिठ्ठीवर सही करताना त्याच्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही.

इमारत झाली. अठरा ब्लॉकांची दारं लागली. सोळा बिऱ्हाडं वरळीला पत्र्याखाली राहिली ती राहिलीच. कमलाकांतची एक मुलगी उजवली. केस पांढरे झाले. अण्णा अजूनही घरी यायचे, पातवड मागायचे. वासंती वाढायची, पण आता "आणखी घ्या मामा" म्हणायची नाही. कमलाकांतच्या हातचे आलेख पुढे आणखी दोनतीन इमारतींना लागले. ते त्यानं काढले, कारण काढायला सांगितले.

साठ साल उजाडलं. मुंबईसह महाराष्ट्र होणार हे ठरलं आणि गिरणगावात लोक आनंदानं नाचायला लागले. एप्रिलमधे एका दुपारी राधाबाई ठाकुरद्वारच्या कचेरीचा जिना चढून वर आली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच आली होती. कमलाकांत खुर्चीतून उठूनच उभा राहिला.

"बसा तुमी," ती म्हणाली. "खोलीचां इचारूक मी इलंय नाय. लवूचां लगीन ठरलां. माझो उंबरो तेवढो द्या. त्या पत्र्याच्या खोलीक उंबरोच नाय, सून माप खंय ओलांडतली?"

कमलाकांतला ते सोळा उंबरठे आज कितीतरी वर्षांनी आठवले. तो "देतो, देतो" म्हणाला, आणि राधाबाई त्याच्या चेहऱ्याकडे बघून निर्धास्त जिना उतरली.

परळच्या गोदामात रघु नावाचा जुना माणूस होता. त्यानं बिडी विझवली. "ते उंबरठे? साहेब, ते तर मागंच गेले. तुमचीच चिठ्ठी होती, सगळं द्या म्हणून. सुतारानं उभे चिरून पाचरी केल्या. स्लॅबखाली सेंटरिंगला, टेकू कसायला वापरल्या. मस्त लाकूड होतं पण, एक पाचर फुटली नाही."

"नंतर? त्या पाचरींचं काय झालं?"

"नंतर काय? साइटच्या वॉचमननं चुलीत घातल्या असतील. पाचरी कोण जपून ठेवतो?"

कमलाकांत गोदामाच्या दारातच खाली बसला. त्या सोळा बिऱ्हाडांच्याच दारांच्या लाकडावर अठरा ब्लॉकांचा स्लॅब ओतला गेला होता. त्याला रडू आलं, आणि रघुसमोर रडायला लागलं याचीही लाज वाटली.

घरी आल्यावर त्यानं वासंतीला सगळं सांगितलं. तिनं दार लोटून घेतलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, लाकूडबाजारातून एक जुना उंबरठा आणा. हळद लावा. तुमच्या तोंडाकडे बघून त्या म्हणतील, हाच तो."

तिनं भल्यासाठीच सांगितलं होतं. कमलाकांत उठून आरशासमोर गेला. खरं होतं तिचं. या तोंडाकडे बघून त्यांनी काहीही मानलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या चेहऱ्याची भीती वाटली.

उंबरठा त्यानं आणला नाही. पण जाऊन खरं सांगण्याचंही त्याच्यानं होईना. आज जाऊ, उद्या जाऊ, करता करता लग्नाचा दिवस उगवला. मे महिन्याचा पहिला आठवडा होता. नव्या राज्याची रोषणाई अजून उतरली नव्हती, दादरपासून वरळीपर्यंत दिव्यांच्या माळा लागल्या होत्या. याच मुंबईसाठी लवूनं पाठीवर लाठी खाल्ली होती. मुंबई मिळाली. खोली नाही मिळाली.

तो पोचला तेव्हा वरात शेडच्या दाराशी आली होती. नवी नवरी खाली मान घालून उभी होती, शेजारी लवू. राधाबाईच्या हातात तांदळानं शिगोशिग भरलेलं माप होतं. ती वाट बघत होती. गर्दीनं कमलाकांतला वाट करून दिली, आणि राधाबाईची नजर त्याच्या हातांवर गेली. हात मोकळे होते.

"राधाबाई, तो उंबरठा... मीच... माझ्याच चिठ्ठीनं..."

राधाबाईनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. या वेळीही त्या तोंडावर खोटं काही नव्हतं. ती ओरडली नाही, शाप दिला नाही. नवरी ताटकळली होती, मुहूर्त जात होता. तिनं माप कमरेवर घेतलं आणि आतून कोणाकडून तरी खडू मागवला.

"कमलाकांतराव, तुमचो हात सरळ आसा," ती म्हणाली. "हय एक रेघ मारा."

कमलाकांत वाकला. दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सारवलेल्या जमिनीवर, त्यानं रेघ मारली. रेघ नेहमीसारखी सरळ आली, आणि त्याचंच त्याला फार वाईट वाटलं.

राधाबाईनं रेघेवर हळदीकुंकू वाहिलं आणि माप ठेवलं. नवरीनं उजव्या पायानं ते लवंडलं. तांदूळ रेघेवरून घरंगळत आत गेले, मागोमाग ती गेली, लवू गेला, मग एकेक करून सगळी माणसं आत गेली. "नवलकर, येवा आत," म्हणून कोणीतरी हाक मारली. कमलाकांत रेघेच्या बाहेरच उभा राहिला.